तिसरी बंदूक

खंडेनवमीला नायगाव परिसरातल्या जुन्या घरांत पाट मांडला जातो. त्यावर विळा, खुरपे, कुऱ्हाड येते. सुताराच्या घरी रंधा आणि करवत, डॉक्टरच्या घरी स्टेथोस्कोप. अंगणात धुऊन पुसून हार घातलेला ट्रॅक्टर उभा असतो. आणि मोजक्या घरांत, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून काढून, तेलाचा हात फिरवून आणलेली बंदूक पाटावर आडवी ठेवली जाते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते, पोरांना लांबूनच बघू दिले जाते. दुपारपर्यंत ती पुन्हा कुलपात जाते, ती बहुधा पुढच्या दसऱ्यापर्यंत.

अशा घरांत पूर्वी पाटावर दोन-दोन, तीन-तीन बंदुका असत. आजोबांची ठासणीची, वडिलांची दुनळी, आणि कुणी तरी हौसेने घेतलेले रिव्हॉल्व्हर. आता तिसरी ठेवता येत नाही. कायद्याने एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त दोनच बंदुका राहू शकतात, आणि त्यामुळे अनेक घरांपुढे असा प्रश्न उभा राहिला जो त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला कधी विचारलाच नव्हता: यातली कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची?

वाटते तितका हा प्रश्न सोपा नाही. शेतीचा तुकडा विकताना माणूस बाजारभाव बघतो, सोने मोडताना वजन बघतो. बंदुकीच्या बाबतीत या दोन्ही मापांचा फारसा उपयोग होत नाही. तिच्यात घराण्याची आठवण असते, थोडा दरारा असतो, आणि एक जबाबदारी असते जी मालकाच्या मरणानंतर दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडते. यातल्या शेवटच्या गोष्टीचा विचार सगळ्यांत कमी होतो, आणि खरे तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मराठवाड्याच्या घरांत बंदुका आल्या कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. नांदेड-देगलूर रस्त्यावरचे, पूर्वी बिलोली तालुक्यात मोडणारे नायगाव हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले गाव. देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या वतनदारीच्या काळात गढ्या होत्या, सारा वसूल होत होता, आणि गढीवर शस्त्र असणे हा मानाचा भाग होता. पुढे १९४७-४८ च्या धामधुमीत शस्त्राचा अर्थ बदलला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस, म्हणजे दहशतीचे मूळ इथल्याच मातीतले. दुसऱ्या बाजूला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढत होते. नायगावला लागून असलेल्या उमरी येथील बँक त्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली आणि तो पैसा चळवळीकडे वळवला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या वर्षभरात ज्यांनी रात्री जागून काढल्या, त्यांच्या मनात घरातली बंदूक म्हणजे काय, हे पुढच्या पिढीला नुसते सांगून कळण्यासारखे नाही. घरातली सर्वांत जुनी बंदूक सोडताना म्हाताऱ्या माणसाचा हात अडतो, तो पैशासाठी नव्हे.

त्यानंतरची वर्षे शिकारीची आणि जागलीची. ज्वारी हुरड्यात आली की रात्री माळ्यावर बसायचे, शेकोटी पेटवायची, आणि रानडुकरांचा कळप शिरला की हवेत एक बार काढायचा. तितर, ससे, काळवीट यांची शिकार ही तेव्हा बड्या घरांची सहज गोष्ट होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे दार बंद केले. बंदुका मात्र खुंटीवरच राहिल्या. ज्या कामासाठी त्या घेतल्या ते काम संपले होते, पण परवान्याचे नूतनीकरण चालूच राहिले, कारण ते थांबवणे म्हणजे वडिलांची वस्तू घालवणे, असे वाटत राहिले.

कायद्याचे आकडे कसे खाली आले, तेही बघण्यासारखे आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्यात एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात याला मर्यादाच नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा तीनची मर्यादा घातली. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत जे दुरुस्ती विधेयक आले, त्यात हा आकडा थेट एकवर आणण्याचे प्रस्तावित होते. त्यावर बरीच कुरकुर झाली. पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी तर तीनची मर्यादा कायम ठेवावी, असे केंद्राला लिहिले. शेवटी सरकारने दोनवर तडजोड केली. संसदेने डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर केले आणि त्याच महिन्याच्या मध्यावर कायदा लागू झाला.

ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त बंदुका होत्या, त्यांना एक वर्ष मिळाले. कोणत्या दोन ठेवायच्या हे त्यांनी ठरवायचे. उरलेली जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. त्यानंतर नव्वद दिवसांत तिची परवान्यावरची नोंद काढून टाकली जायची. हे वर्ष होते डिसेंबर २०१९ ते डिसेंबर २०२०. म्हणजे ऐन मुदतीत टाळेबंदी आली. जी माणसे घराबाहेर पडायला घाबरत होती, त्यांना पोलीस ठाण्यात बंदूक घेऊन जायचे होते.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीनुसार देशात ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडे बंदूक कमीच. म्हणून तर ज्या गावात ती आहे तिथे ती कुणाकडे आहे हे गावाला पाठ असते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. आठवण, मान, दरारा हे सगळे क्षणभर बाजूला ठेवून ती वस्तू हातात घेऊन नीट पाहिली पाहिजे. मराठवाड्यात सर्वांत जास्त आढळते ती बारा बोअर. हा बारा आकडा कुठून आला, हे पन्नास वर्षे बंदूक बाळगणाऱ्यालाही बहुधा माहीत नसते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक असते. आकडा मोठा, नळी लहान.

जुन्या विलायती दुनळीची नळी उजेडाकडे धरून बाहेरून पाहावी. काहींच्या पोलादावर पाण्यावरच्या तरंगांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. ही कोरलेली नक्षी नव्हे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून जोडल्या की ती आपोआप उमटते. अशा नळीला दमास्कसची नळी म्हणतात. दिसायला तिच्यासारखी देखणी नळी दुसरी नाही. पण ती घडवली गेली काळ्या दारूसाठी, आणि आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते. तिचा दाब वेगळ्या रीतीने चढतो. शंभर-सव्वाशे वर्षांत त्या पिळलेल्या पट्ट्यांच्या सांध्यांत आतून गंज शिरलेला असू शकतो आणि बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. आजोबांच्या अशा बंदुकीत दुकानातले नवे काडतूस घालून दसऱ्याला एक बार काढणे म्हणजे डाव्या हाताची बोटे पणाला लावणे.

दुसरी खूण बंदूक मोडल्यावर दिसते. मोडणे म्हणजे बिजागरीवर नळ्या खाली पाडणे. नळ्यांच्या बुडाशी, एरवी झाकलेल्या सपाट भागावर, बारीक ठसे असतात. इंग्लंडमध्ये बनलेली प्रत्येक बंदूक लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून जास्त दाबाचा बार काढून तपासली जाई आणि मगच तिच्यावर हे ठसे मारले जात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे आहे. ठशांवरून कळते की ही नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासली गेली होती का, आणि काडतुसाची जागा किती लांब आहे. जुन्या बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असते, नव्या काडतुसांत ७० मिलिमीटरची सर्रास मिळतात. लांब काडतूस आखूड जागेत बसते, झाकणही लागते, सगळे ठीक वाटते. घोटाळा होतो बार उडताना. काडतुसाचे दुमडलेले तोंड उघडायला पुरेशी जागा राहत नाही आणि दाब वाढतो.

जुने जाणकार आणखी एक परीक्षा करतात. नळ्या सुट्या करून दोरीला टांगायच्या आणि नखाने टिचकी मारायची. घंटेसारखा लांबलेला नाद आला तर दोन नळ्यांमधला सांधा शाबूत. बद्द आवाज आला तर कुठे तरी डाख सुटलेला आहे. ही परीक्षा परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. पण ती पाहताना मालकाला कळते की ज्या वस्तूला आपण घराण्याची शान म्हणत होतो, ती कदाचित वीस वर्षांपूर्वीच निकामी झालेली होती.

काडतुसांचेही तेच. पावसाळ्यात नायगावच्या काळ्या मातीचा ओलावा माळवदाच्या भिंतींतून आत येतो. कागदी आवरणाची जुनी काडतुसे त्या ओलाव्याने फुगतात, पितळी बुडाला हिरवा चढतो. खडकीच्या कारखान्यात बनलेली किती तरी जुनी काडतुसे आजही कपाटांच्या खणांत, पिवळ्या पडलेल्या खोक्यांत पडून असतील. ती उडतील की नाही याचा नेम नाही, आणि कधी उडतील याचाही नाही. बंदूक कमी करायची म्हणजे हे खणही रिकामे करायचे. काडतुसेसुद्धा रीतसर जमाच करायची असतात. विहिरीत किंवा चुलीत टाकायची नसतात.

मग ठेवावी कोणती? जिचे काम उरले आहे ती. पण काम उरले आहे का, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागते.

पिकाचा प्रश्न खराच आहे. सोयाबीन, तूर, ऊस, हळद, कशातही रानडुकरे शिरतात. रोह्यांचा कळप एका रात्रीत एकरभर तूर झोपवतो. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियमात मुळापासून आहे. तरी परवाना असला म्हणून जनावर मारता येत नाही. त्यासाठी वनविभागाची वेगळी परवानगी लागते, आणि ती नसताना बार काढला तर शेतकरीच आरोपी होतो. व्यवहारात आज शेतकरी झटका मशीन लावतो, तारेचे कुंपण घालतो, रात्री सुतळी बॉम्ब फोडतो, आणि नुकसान झालेच तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करतो. माळ्यावरची जागल अजून आहे, पण हातात बहुतेक वेळा मोबाईलची बॅटरी असते.

स्वसंरक्षणाचा मुद्दा जास्त नाजूक आहे, कारण त्यात भीती आणि प्रतिष्ठा एकमेकांत मिसळलेल्या असतात. मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्याने हे सगळ्या राज्याला दाखवले. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती हत्या बंदुकीने झाली नव्हती, पण तिच्यानंतर हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या आणि कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांच्या चित्रफिती बाहेर आल्या. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी बीडमधल्या १,२२२ परवान्यांचा आकडा मांडला. त्याच वेळी शेजारच्या परभणीचा आकडा त्यांनी ३२ सांगितला होता. परवान्यांची छाननी झाली, पुढच्या महिन्यांत शंभरावर परवाने रद्द झाले. ज्यांना खरोखर धोका होता त्यांच्यापेक्षा ज्यांना धाक हवा होता त्यांच्या कमरेला बंदूक जास्त दिसत होती, असा निष्कर्ष सामान्य माणसाने काढला, आणि त्याला दोष देता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात-मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात घालणारा आनंदाचा गोळीबार हा वेगळा गुन्हा केला आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीत बार काढणाऱ्या जुन्या पिढीला हे अजून पचनी पडलेले नाही.

संरक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये घरात घडलेल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत बंदूक होती तिथे घरातच कुणाचा तरी खून होण्याची शक्यता इतर बाबी सारख्या धरल्या तरी सुमारे पावणेतीन पट निघाली, आणि मारणारा बहुधा घरातला किंवा ओळखीचाच होता. तो देश वेगळा, तिथली बंदूकही वेगळी. पण रागाच्या, दारूच्या किंवा निराशेच्या एका रात्री कपाटाची किल्ली कुठे आहे हे घरातल्या किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न नायगावातही तितकाच खरा आहे. घरात कुणी खचलेले असेल, कर्जाने किंवा आजाराने वाकलेले असेल, तर बंदूक निदान काही काळ घराबाहेर जमा करणे ही मायेची गोष्ट आहे. त्यात लाज नाही.

या सगळ्यात एक भार कुणी मोजत नाही, तो निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा येतात. सरसकट सगळ्यांना नोटीस द्यायची नाही, छाननी समितीने ज्याच्याबाबत गरज आहे ते ठरवायचे, हे गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी गावपातळीवर बहुतेकांचा अनुभव ठाण्याच्या चकरांचाच असतो. नांदेडकरांच्या वाट्याला २०२४ मध्ये तर लोकसभेच्या दोन निवडणुका आल्या. एप्रिलच्या मतदानात नायगावचेच वसंतराव चव्हाण निवडून आले, ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. आचारसंहिता एका वर्षात दोनदा लागली. सत्तरीतला माणूस पावती घेऊन दोनदा ठाण्यात जाऊन आला असेल, तर दुसऱ्या खेपेला परत येताना त्याच्या मनात हा प्रश्न उभा राहिलाच असेल की ही बंदूक आपण सांभाळतो की ती आपल्याला नाचवते.

आता त्या मुद्द्याकडे, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

समजा, नायगाव तालुक्यातल्या एका घरात वडिलांच्या नावावर दोन बंदुका आहेत. थोरल्या मुलाने, गावात राहतो म्हणून, स्वतःच्या नावावर एक परवाना घेतलेला आहे. धाकटा पुण्यात नोकरीला, मुलगी हैदराबादेत. वडील गेले. दिवस झाले, तेरावे झाले, सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठ्याकडे चकरा सुरू झाल्या. बंदुकीचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नाही, कारण बंदूक तर ‘घराची’ आहे.

कायद्याला घराची बंदूक माहीत नाही. परवाना माणसाच्या नावाने असतो आणि त्या माणसाबरोबर संपतो. वडिलांच्या मृत्यूनंतर कपाटातल्या त्या दोन बंदुका विनापरवाना ठरतात, आणि त्या विनाविलंब जमा करण्याची जबाबदारी घरच्यांवर येते. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ नंतर दोन ते पाच वर्षांची झाली आहे. थोरल्याने वारसाहक्काने अर्ज केला तरी दोनची मर्यादा त्यालाही लागू. त्याची एक आणि वडिलांच्या दोन, म्हणजे तीन होतात. वारसाहक्काच्या परवान्यातही ही मर्यादा ओलांडता येणार नाही, असे दुरुस्तीत स्वतंत्र वाक्य घातलेले आहे. धाकट्याने घ्यायची तर त्याला पुण्यात पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागेल, फ्लॅटमध्ये ती सुरक्षित कशी ठेवणार याची हमी द्यावी लागेल, आणि मुख्य म्हणजे त्याला ती हवी असायला हवी. ठाण्यात जमा केलेली बंदूक ठरलेल्या मुदतीत कुणीच सोडवली नाही तर ती सरकारजमा होते. आजोबांच्या ज्या बंदुकीला तीन पिढ्या हळदकुंकू वाहिले, तिचा शेवट मुद्देमालाच्या खोलीत, सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीसह होतो.

हे टाळायचा रस्ता आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यातले जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावाने परवाना मागू शकतो. म्हणजे वडिलांनी स्वतः बसून, दोन्ही मुलांना आणि मुलीलाही विचारून, ही तुला, ती विकायची, असे ठरवता येते. वारस किमान एकवीस वर्षांचा आणि कायद्याने पात्र असला पाहिजे. मुलगी वारस असू शकते, हे वेगळे सांगायला नको. पण नायगावात ते अजून सांगावे लागते.

बंदूक कमी करण्याचा निर्णय म्हणून मालकाच्या हातात बळ आणि डोक्यात आठवण शाबूत असतानाच झाला पाहिजे. कारण कोणती बंदूक कुणाकडून आली, कोणत्या नळीत खोट आहे, कोणते काडतूस कोणत्या खणात आहे, हे त्यालाच माहीत असते. तो गेला की मागे राहते ती फक्त परवान्याची वही.

विकायची म्हटली तर घाई चालत नाही. खासगी माणसाला विकायची असेल तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचे आणि मग किमान पंचेचाळीस दिवस थांबायचे. घेणाऱ्याकडेही त्या शस्त्राचा परवाना हवा. विक्रेत्याच्या दुकानात देणे त्यामानाने सोपे. भावाची मात्र आशा धरू नये. देशभरातल्या तीन-तीन बंदुकावाल्यांना एकाच वर्षात एकेक कमी करायची होती, आणि घेणाऱ्यांच्या परवान्यावरची जागाही तिनावरून दोनवर आली होती. साध्या दुनळीचे मोल त्यात पार उतरले. जुने विलायती पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर याला अपवाद. खासगी आयात अनेक दशके बंद असल्याने देशात आहेत तेवढेच नग फिरत राहतात, आणि त्यांची किंमत वस्तूपेक्षा दुर्मिळतेची असते.

ठासणीच्या जुन्या बंदुकीची गोष्ट निराळी. दुरुस्त करूनही जी कधी उडणार नाही, अशा जुनाट शस्त्राला शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात सूट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने ठरावीक प्राचीन बनावटीची छोटी शस्त्रे केवळ जपण्यासाठी विनापरवाना ठेवायला मोकळीक दिली. ती वापरायची किंवा घेऊन फिरायची तर परवाना लागतोच. आपली बंदूक यात बसते की नाही, हे मात्र मालकाने स्वतःच ठरवू नये. जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावे आणि तो कागद बंदुकीजवळच ठेवावा. जी अजून उडू शकते, ती शंभर वर्षांची असली तरी बंदूकच.

शस्त्र हे शस्त्र न राहता आठवण म्हणून कसे जपावे, याचा नमुना नांदेडातच आहे. तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची म्हणून जपलेली शस्त्रे आहेत: तलवारी, धनुष्ये, पस्तीस बाणांचा भाता, ढाल, आणि त्यांतच एक तोड्याची बंदूक, जी पेटत्या वातीने डागली जाई. तीनशे वर्षांत तिची किती रूपे कालबाह्य झाली, पण तिचे दर्शन घ्यायला रोज माणसे येतात. पुण्यात दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे, वाद्ये यांच्या जोडीने शस्त्रे आणि दारू ठेवायची बारूददाने गोळा केली, आणि १९७५ मध्ये तो अख्खा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. आयुष्यभर जमवलेले स्वतःच्या हाताने देऊन टाकणे त्यांना सोपे गेले असेल असे नाही. पण आज ती बारूददाने काचेमागे आहेत, नावानिशी आहेत, आणि शाळेची पोरे त्यांच्यापुढे थांबतात. मराठवाड्यातल्या एखाद्या गढीची ठासणीची बंदूक, तिची हकिगत लिहिलेल्या कागदासह, एखाद्या संग्रहालयात गेली तर तिची मुद्देमालाच्या खोलीतून सुटका होईल.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना ठार केले. त्यानंतर सरकारने मोबदला देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या आणि नष्ट केल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या कायद्याने आकड्याचीच मर्यादा घातली: हौशी शिकाऱ्याला पाच, शेतकऱ्याला आणि स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजाला दहा. नायगावच्या माणसाला दहा हा आकडा ऐकून नवल वाटेल, पण तिथल्या शेतकऱ्यानेही आपल्या कपाटासमोर उभे राहून हाच हिशेब केला असणार: ही वडिलांची, ही कामाची, ही नुसतीच पडून.

आपल्या कायद्यातही नेमबाजांसाठी वेगळी सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्या हातात बंदूक रोज असते, तपासली जाते, तिच्यावर घाम गाळला जातो. वर्षातून एकदा बाहेर निघणाऱ्या बंदुकीला तो मान आपोआप मिळत नाही.

तर त्या घरातले वडील अजून हयात आहेत, असे धरू. दसरा झाला आहे, सोयाबीन घरात आले आहे, दिवाळीला पुण्याचा धाकटा आणि हैदराबादची मुलगी दोघेही आलेले आहेत. जेवणे झाल्यावर वडिलांनी कपाटातून दोन्ही बंदुका काढून, रिकाम्या असल्याची दोनदा खात्री करून, सतरंजीवर ठेवल्या. दुनळी मोडून ठसे भिंगातून पाहिले. जुन्या एकनळीच्या दस्त्यावर आजोबांनी चाकूने कोरलेली दोन अक्षरे मुलीने मोबाईलवर टिपून घेतली. थोरला म्हणाला, “दादा, दुनळी माझ्या नावावर करा, पण माझी ती पहिली मी दुकानात देतो. जागलीला एक बास आहे.” वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी धाकट्याला कागद आणायला सांगितला, आणि एकनळी कुणाची, कुणी कधी आणली, कोणत्या साली शेवटचा बार निघाला, हे एकेक करून सांगायला लागले.